गुडघ्याचं लिगामेंट: आधी हात, मग एमआरआय, मग (लागलंच तर) ऑपरेशन

सांधेसुरुंग

कबड्डीचे सामने सुरू झाले की "गुडघा सटकला, एमआरआय कुठे करू?" हा प्रश्न दर आठवड्याला नव्या धाग्यात येतो. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. मी अस्थिरोगाच्या बाजूने लिहितो. फिजिओ आणि रेडिओलॉजीवाल्यांनी चुका काढाव्यात, संकोच नको.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. गुडघ्याच्या आत फुलीसारखी दोन लिगामेंटं असतात, पुढचं एसीएल आणि मागचं पीसीएल. आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे, एमसीएल. बाहेरच्या अंगाला एलसीएल. एसीएल साधारण तीन ते साडेतीन सेंटीमीटर लांबीचा दोर आहे. नडगीचं हाड पुढे घसरू न देणं हे त्याचं एक काम आणि पाय रोवून अंग वळवताना ते हाड फिरू न देणं हे दुसरं. दुसरं काम जास्त मोलाचं. म्हणून तर एसीएल तुटलेला माणूस सरळ रस्त्यावर आरामात चालतो, सिंहगडही चढतो, आणि घरासमोर रिक्षा चुकवायला वळला की गुडघा निसटतो.

दुखापत कशी झाली हे नीट विचारलं तर अर्धं निदान तिथेच होतं. एसीएलच्या बहुतेक दुखापतींत कुणाचा धक्काच लागलेला नसतो. चढाई करून परत फिरताना पाय मॅटवर रोवलेला, गुडघा किंचित वाकलेला आणि आत झुकलेला, वरचं अंग मध्यरेषेकडे वळतंय. किंवा उडी मारून एका पायावर उतरणं. "टक्" असा आवाज आल्याचं बरेच जण सांगतात. त्यानंतरचा प्रश्न सूज किती वेळात आली. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय, आणि असं रक्त साठण्याचं सगळ्यात मोठं कारण एसीएल तुटणं हेच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू आलेली सूज दोन हाडांमधल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची असण्याची शक्यता जास्त.

पहिले दोन-तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्यायचं, नुसतं गुडघ्याभोवती आवळायचं नाही, नाहीतर खाली पाऊल सुजतं. शेक नको, तेल लावून रगडणं नको. हाडवैद्याकडे ओढून "बसवून" घेणं तर अजिबात नको. जे तुटलंय ते बसवण्यासारखं नसतंच, आणि गादीचा तुकडा अडकला असेल तर ओढण्याने तो आणखी फाटतो.

आणि गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सगळे ठेवतात, कारण वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं. तो त्याच कोनात आखडतो आणि मग सरळ करायला महिना जातो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा.

एक्स-रे कुणाचा काढायचा याचा ओटावाचा नियम सोपा आहे. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा ९० अंश न वाकणं, किंवा चार पावलं न टाकता येणं. यातलं एकही असेल तर एक्स-रे.

वाटीसरक

एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही म्हणून तो वाया, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग तो काढायचा कशाला?

क्ष_किरणवाला

लिगामेंट दिसत नाही, पण त्याने उपटून नेलेलं हाड दिसतं. नडगीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या कडेला नखाएवढी चपटी कपची दिसली तर तिला सेगॉन्ड फ्रॅक्चर म्हणतात. पॉल सेगॉन्डने ते १८७९ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याआधी, शवांवर दाखवलं होतं. ही कपची दिसली की एसीएल तुटल्याचं जवळजवळ नक्की. दुसरी जागा बाजूने काढलेल्या एक्स-रेत मागच्या कडेला. तिथला तुकडा पीसीएलने उपटलेला असतो. तो फार चुकतो, कारण बघणाऱ्याची नजर वाटीवर असते. सुजलेल्या गुडघ्यातून सुईने काढलेल्या रक्तावर तेलाचे थेंब तरंगत असतील तर कुठेतरी हाड मोडलंय. एक्स-रे "नॉर्मल" असला तरी मग सीटी करा.

एमआरआयबद्दल थोडं. तुटलेल्या एसीएलपेक्षाही बोलकी खूण हाडातल्या सुजेची असते. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्याच्या मध्यावर आणि नडगीच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर. गुडघा निसटला तेव्हा हे दोन भाग एकमेकांवर आपटले, त्याचा हा ठसा. काही आठवडे-महिन्यांनी तो विरतो, म्हणून तो नसेल तर दुखापत जुनी असू शकते. जुन्या दुखापतीत एसीएलचं टोक कधी कधी पीसीएलला चिकटून बसतं आणि "सलग" दिसतं. अशा वेळी रिपोर्ट "पार्शल टिअर" येतो.

वाटीसरक

माझा पुढचा प्रश्न तोच होता. "पार्शल टिअर" म्हणजे नक्की काय समजायचं? अर्धं तुटलंय म्हणजे अर्धा आराम?

फिजिओ_फलटण

पार्शल या शब्दावर काहीच ठरवू नका. गुडघा हातात घेतल्यावर कसा लागतो ते बघा. एसीएलमध्ये दोन पट्टे असतात. एक तुटून दुसरा घट्ट असेल तर गुडघा हाताला पक्का लागतो आणि व्यायामावर छान चालतो. रिपोर्टात पार्शल असूनही गुडघा निसटत असेल तर तो कामाच्या दृष्टीने पूर्ण तुटलेलाच.

लॅकमन चाचणी नीट करायला शिका. जॉन लॅकमन यांची ही पद्धत जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये मांडली. गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. किती सरकते ते एक आणि शेवट कसा होतो ते दुसरं. दोर ताणल्यासारखा टणक थांबा लागतो, की ओल्या मातीत हात जावा तसा मऊ? मऊ शेवट हीच खरी खूण. आधी चांगला पाय तपासा. काहींचे दोन्ही गुडघे जन्मतः सैल असतात, आणि बायकांमध्ये हे जास्त दिसतं.

चुका कुठे होतात: रुग्णाने मांडी आवळलेली असते. मांडीच्या मागचे स्नायू नडगी मागे धरून ठेवतात आणि चाचणी खोटी "बरी" येते. मांडीखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा स्वतःचा गुडघा घाला, दोन मिनिटं गप्पा मारा, स्नायू सुटतात. ९० अंशांत वाकवून ओढायची ड्रॉवर चाचणी ताज्या सुजलेल्या गुडघ्यावर जवळजवळ निरुपयोगी. तो तेवढा वाकतच नाही. पिव्हट शिफ्ट ही फिरण्याची चाचणी सगळ्यात खात्रीची, पण जाग्या रुग्णावर ती क्वचित धड होते. म्हणून सर्जन भूल दिल्यावर, छेद घेण्याआधी, पुन्हा तपासतात.

पहिल्या दिवशी काहीच कळत नसेल तर जबरदस्ती करू नका. आठ-दहा दिवसांनी सूज उतरल्यावर परत तपासा. चुकीचं निदान घाईने ठरवण्यापेक्षा ते परवडतं.

पट्टीपकड

दुचाकीवाल्यांचं कोण लिहिणार? कबड्डीवाल्यांपेक्षा ते जास्त आहेत.

सांधेसुरुंग

बरोबर. गाडीवरून पडताना वाकलेला गुडघा रस्त्यावर किंवा समोरच्या गाडीवर आपटतो, नडगी मागे ढकलली जाते आणि पीसीएल जातं. आपल्याकडे ते मध्ये तुटण्याऐवजी नडगीच्या मागचा हाडाचा तुकडा घेऊन उपटलेलं बरंच दिसतं. तुकडा सरकलेला असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मागून छोटा छेद घेऊन स्क्रूने बसवायचा. हाड हाडाला जुळतं आणि निकाल उत्तम येतो. दोन महिन्यांनी आलात तर तेच काम कठीण आणि निकाल कमअस्सल.

पीसीएलची तपासणी डोळ्यांनी होते. रुग्ण उताणा, दोन्ही गुडघे ९० अंश, पावलं टेकलेली. बाजूने बघा. ज्या गुडघ्याची नडगी मागे खचलेली, तिथे पीसीएल गेलेलं. हे न बघता ड्रॉवर केली तर फसगत होते. खचलेली नडगी पुढे ओढून आपण तिला तिच्या जागेवर आणत असतो, आणि वाटतं की एसीएल तुटलंय.

नुसतं पीसीएल मध्ये ताणलं-तुटलं असेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. गुडघा सरळ ठेवणारा ब्रेस लावायचा, आणि नडगी मागे पडू नये म्हणून उशी पोटरीखाली. एसीएलला टाचेखाली, पीसीएलला पोटरीखाली, गुडघ्याखाली कुणालाच नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंचा जोर लावायचा व्यायाम, म्हणजे टाच ढुंगणाकडे ओढणं, सुमारे तीन महिने बंद.

फिजिओ_फलटण

एमसीएलचं मी लिहिते, कारण तिथे विनाकारण घबराट असते. गुडघा ३० अंश वाकवून बाहेरून आत दाबायचा. आतली फट ५ मिलिमीटरपर्यंत उघडली तर पहिली पायरी, ५ ते १० दुसरी, १० च्या वर तिसरी. मग गुडघा पूर्ण सरळ करून तेच करायचं. सरळ असतानाही फट उघडत असेल तर नुसतं एमसीएल नाही, आतलं फुलीचं लिगामेंटही गेलंय.

एमसीएलला रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे ते बहुतेक आपणहून भरतं. हिंज असलेला ब्रेस चार ते सहा आठवडे, पहिल्या दिवसापासून पाय टेकत चालणं, लवकर वाकवणं. प्लास्टर घालून सहा आठवडे झोपवलं तर लिगामेंट जुळतं पण गुडघा वाकत नाही. अपवाद एकच लक्षात ठेवा. नडगीकडच्या टोकाने पूर्ण सुटून ते वरून जाणाऱ्या स्नायुबंधांच्या बाहेर उलटून बसलं असेल तर ते जागेवर परतत नाही, टाकेच घालावे लागतात. एमआरआयमध्ये हे विचारून घ्या.

एलसीएल मात्र एमसीएलचा भाऊ समजू नका. त्याच्याबरोबर बहुतेकदा गुडघ्याचा मागचा-बाहेरचा कोपरा, म्हणजे तिथला लिगामेंटांचा जुडगाही गेलेला असतो, तो आपणहून नीट भरत नाही. पालथं झोपवून दोन्ही पावलं बाहेर फिरवायची. दुखऱ्या बाजूला १० अंशांहून जास्त फिरलं, तेही गुडघा ३० अंश वाकवलेला असतानाच, तर कोपरा गेला. ९० अंश वाकवूनही फिरलं तर बरोबर पीसीएलही गेलं.

सांधेसुरुंग

एक तातडीची गोष्ट राहिली. दोन-तीन लिगामेंटं एकदम सैल लागत असतील तर गुडघा पूर्ण निखळून आपोआप बसलेला असू शकतो. एक्स-रे साधा दिसतो. गुडघ्यामागची रक्तवाहिनी अशा वेळी आतून फाटलेली असू शकते, आणि पाऊल पहिले काही तास गुलाबीच असतं. घोट्याचा आणि हाताचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागायचं. ०.९ च्या खाली आला तर सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी), रात्रीचे दोन वाजले असले तरी. पाऊल वर उचलता येत नसेल तर बाहेरच्या बाजूची नस (मज्जातंतू) ताणली गेलीये. आधी नोंद करा, नाहीतर पुढे ते ऑपरेशनच्या माथी येतं.

पट्टीपकड

एसीएल पूर्ण तुटलं म्हणजे ऑपरेशन ठरलेलंच ना? तालमीत, मैदानावर सगळे तेच सांगतात.

सांधेसुरुंग

नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्या निम्म्यांना लागलंच नाही. मात्र ब्रिटनमधला २०२२ चा अभ्यास म्हणतो की ज्यांचा गुडघा जुनाट निसटतोय त्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त. दोन्ही एकत्र वाचा. तीन महिने मन लावून व्यायाम करा. तरीही निसटतोय, किंवा कबड्डी-फुटबॉल-कुस्ती सोडायची नाही, तर ऑपरेशन. ऑफिस, पोहणं, सायकल एवढंच असेल तर थांबायला हरकत नाही. फक्त निसटत्या गुडघ्यावर खेळत राहू नका, प्रत्येक निसटण्याला गादीचा थोडा थोडा घास जातो.

लगेच करायचं ते थोडंच: गादी उलटून गुडघा अडकलाय, पीसीएलने हाड उपटलंय, बाहेरचा कोपरा गेलाय, किंवा अनेक लिगामेंटं. बाकीच्यांनी सूज उतरेपर्यंत, गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत आणि पाय सरळ ठेवून न लुळावता उचलता येईपर्यंत थांबावं. बहुतेकांना तीन ते सहा आठवडे लागतात. फुगलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन केलं तर तो नंतर जन्मभर आखडलेला राहण्याची भीती असते.

रेडर_नंबर_सात

ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा स्नायुबंध, कुठला घ्यायचा? पायाच्या बाहेरच्या बाजूचा, पेरोनियस लाँगस, हल्ली बरेच जण सुचवतात.

सांधेसुरुंग

प्रत्येकाची किंमत वेगळी. मांडीमागचा स्नायुबंध (हॅमस्ट्रिंग) सगळ्यात जास्त वापरला जातो. छेद छोटा, पण टाच ढुंगणाला लावण्याची ताकद थोडी कमी होते. घडी घालून जाडी निदान ८ मिलिमीटर यायला हवी. बारीक बांध्याच्या मुलींमध्ये ती येत नाही, मग जास्तीची घडी किंवा दुसरा स्नायुबंध लागतो. वाटीखालचा, दोन्हीकडे हाडाचे तुकडे असलेला ग्राफ्ट हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर रुजतो, पण गुडघे टेकून बसताना वर्षानुवर्षं टोचतं. नमाज पढणारे, भजनाला गुडघ्यावर बसणारे, मॅटवर गुडघे टेकणारे, यांना आधी सांगा. वाटीवरच्या क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूचा) ग्राफ्ट जाड मिळतो, मात्र मांडीची ताकद परत आणायला जास्त कष्ट.

फिजिओ_फलटण

पेरोनियसवर माझा मतभेद आधीच नोंदवते. हॅमस्ट्रिंग वाचतात हे खरं, रोजच्या चालण्यात फरक पडत नाही हेही खरं. पण चढाईपटूला बोटांनी स्पर्श करायला पाय लांब टाकून घोट्यावर तोल सावरावा लागतो, त्याचा घोटा का कमजोर करायचा? अनेक लिगामेंटांच्या ऑपरेशनात ग्राफ्ट कमी पडतात, तिथे मात्र तो उपयोगी.

सांधेसुरुंग

मान्य, खेळाडूत मीही तो दुसऱ्या पसंतीला ठेवतो. २५ च्या आतल्या, वळून खेळणाऱ्या मुलांनी सर्जनला आणखी एक गोष्ट विचारावी. मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यातून सेंटीमीटरभर रुंदीची पट्टी सोडवून ती एलसीएलच्या खालून काढून हाडाला बसवायची. २०२० च्या ६१८ रुग्णांच्या अभ्यासात या जोडीने दोन वर्षांत ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचं प्रमाण ११ वरून ४ टक्क्यांवर आलं. तिथे ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा होता, हे लक्षात घ्या.

वाटीसरक

ऑपरेशननंतरचे आठवडे कुणीतरी लिहा. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर फक्त "फिजिओथेरपी" एवढाच शब्द असतो.

फिजिओ_फलटण

पहिले दोन आठवडे: पूर्ण सरळ आणि सुमारे ९० वाकवणं. सरळपणा आधी. पालथं झोपून दोन्ही पाय पलंगाबाहेर सोडा आणि टाचांची उंची बघा. दोन टाचांत १ सेंटीमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक अंश कमी. रोज मोजून लिहा. टाचेखाली टॉवेल, दिवसातून पाच-सहा वेळा दहा मिनिटं. मांडी आवळून वाटी वर ओढायची, दहा सेकंद धरायची, दर तासाला दहा वेळा. मांडी जागीच होत नसेल तर विजेच्या पॅडने जागी करायची.

सहा आठवड्यांपर्यंत १२० अंश वाकवणं. साधी सायकल १०५-११० अंश वाकल्याशिवाय पूर्ण फेरा घेत नाही, म्हणून सीट वर करून सुरू करा. लेग प्रेस, पायरी चढणं, दोन्ही पायांवर उठाबशा ६० अंशांपर्यंत. पाय हवेत ठेवून गुडघा सरळ करायचा वजनाचा व्यायाम चार आठवड्यांपासून ९० ते ४५ अंशांतच, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर सुरुवातीला जादा वजन न लावता. गादीला टाके घातले असतील तर वजन देऊन ९० पलीकडे चार ते सहा आठवडे वाकवायचं नाही, आणि उकिडवं बसणं चार महिने बंद. घरी भारतीय संडास असेल तर आधीच खुर्ची आणून ठेवा. हा प्रश्न घरी पोचल्यावरच सगळ्यांना आठवतो.

ग्राफ्ट सगळ्यात कच्चा सहा ते बारा आठवड्यांच्या सुमाराला असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. पायऱ्यांवरून धावत उतरणं, बसमागे पळणं, गणपतीत नाचणं, सगळं याच काळात होतं.

धावणं साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, सूज नसेल आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ७० टक्के असेल तर. कॅलेंडरवर नाही, मोजून.

रेडर_नंबर_सात

सहा महिन्यांत खेळायला परत, असं सांगणारे बरेच आहेत.

फिजिओ_फलटण

नऊच्या आत नाही. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. नऊ महिने झाले आणि मांडी ९० टक्के नाही, तरी नाही. चार प्रकारच्या एका पायाच्या उड्याही मोजा. फक्त तुलना करताना एक मेख आहे, वर्षभर न खेळल्याने चांगला पायही अशक्त झालेला असतो, म्हणून ९० टक्के फसवे ठरतात. शक्य असेल तर ऑपरेशनआधीच चांगल्या पायाचा आकडा लिहून ठेवा.

विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं आणि पुढच्या ऑगस्टला ती पॅरिसमध्ये लढली. ऋषभ पंतला डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मैदानावर यायला मार्च २०२४ उजाडला, त्याची तर अनेक लिगामेंटं होती. दिवसभर फिजिओ हाताशी असणाऱ्यांना एवढा वेळ लागतो.

क्ष_किरणवाला

ऑपरेशननंतर काय बिघडतं तेही लिहा.

सांधेसुरुंग

तीन गोष्टी. पहिली: दोन-तीन महिन्यांनी गुडघा शेवटचे पाच-दहा अंश सरळ होत नाही आणि शेवटी पुढे टोचतं. ग्राफ्टच्या पुढे गाठ झालेली असते, तिला सायक्लॉप्स म्हणतात. व्यायाम वाढवून ती जात नाही, दुर्बिणीतून काढावी लागते. दुसरी: बोगदा चुकीच्या जागी. मांडीच्या हाडात तो फार पुढे पडला तर ग्राफ्ट वाकताना ताणतो आणि वर्षभरात सैल होतो. ग्राफ्ट तुटला की पुन्हा दुसरा टाकण्याआधी सीटीवर बोगदे मोजा. तिसरी: जंतुसंसर्ग. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढतं दुखणं, गरम गुडघा, उतरत नसलेली सूज, हे "व्यायाम जास्त झाला" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासणी. ग्राफ्ट बसवण्याआधी व्हँकोमायसिनच्या द्रावणात, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, भिजवून ठेवला की हा धोका फार कमी होतो. तुमचे सर्जन हे करतात का, हे विचारायला लाजू नका. पोटरी एकदम फुगून दुखली तर रक्ताची गुठळी असू शकते, डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा.

पट्टीपकड

डिस्चार्जच्या फाइलमध्ये ग्राफ्ट पक्का करणाऱ्या स्क्रू आणि बटणाचे स्टिकर लावून मागा, आणि ऑपरेशनचे फोटो पेनड्राइव्हवर. दुसऱ्यांदा जायची वेळ आली की पुढच्या डॉक्टरांना आधी तेच लागतं, आणि धातू टायटेनियम आहे हे कागदावर असलं की एमआरआयच्या दारात वाद होत नाही.

क्ष_किरणवाला

+१. जुन्या एमआरआयची सीडीही फेकू नका. रिपोर्टचा कागद नुसता पुरत नाही, चित्रंच लागतात.